ज्या कागदावर स्टेरॉइड लिहिता त्याच कागदावर अजून एक ओळ लिहा

प्रति,
महाराष्ट्रातले सगळे संधिवाताचे, किडनीचे, स्किनचे, रक्ताचे डॉक्टर आणि मेडिकल कॉलेजांच्या मेडिसिन विभागांचे प्रमुख, म्हणजे जे जे कोणी पेशंटला महिनोन्महिने स्टेरॉइड लिहून देतात ते सगळे.

डॉक्टर, नमस्कार.

मी कराडची. पेशंट नाही, पेशंटची मुलगी. शाळेत गणित शिकवते, डॉक्टरकीतलं माझं शिक्षण काहीच नाही, पण गेल्या दोन वर्षांत आईच्या फायली सांभाळता सांभाळता जेवढं वाचलं आणि तुमच्यातल्याच काही चांगल्या डॉक्टरांना विचारून जेवढं समजून घेतलं तेवढ्यावर हे लिहितेय. कुठं चुकलं असेल तर जरूर सांगा पण पूर्ण वाचा एवढी विनंती, कारण माझी मागणी एका ओळीची आहे: स्टेरॉइडवरच्या पेशंटला होऊ शकणारा एक न्यूमोनिया टाळायची गोळी द्यायची की नाही, ते कागदावर लिहा.

आईला जीपीए झाला, जुने डॉक्टर ज्याला वेगनर म्हणायचे तो, रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार. आधी नाकातून रक्त यायचं, सांधे धरायचे, आम्ही उन्हाळा म्हणून सोडून दिलं, मग एक दिवस रक्तातलं क्रिएटिनिन ३.८ आलं, म्हणजे किडनी निकामी व्हायला लागलेली, आणि धावपळ सुरू झाली. तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड, मग रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडचीच गोळी, आणि सोबत सायक्लोफॉस्फामाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची इंजेक्शनं. त्या औषधांनी तिची किडनी वाचली हे मी आधीच सांगून ठेवते, कारण स्टेरॉइड म्हणजे विष असं जे व्हॉट्सॲपवर फिरत असतं त्या गोटातली मी नाही. स्टेरॉइड नसतं तर आई आज डायलिसिसवर असती किंवा नसतीच.

डिस्चार्ज कार्डावर नऊ औषधं होती. कॅल्शियम होतं, गॅसची गोळी होती, शुगर तपासायला सांगितलं होतं, बाहेरचं खाऊ नका, कच्ची कोशिंबीर नको, मास्क लावा, गर्दीत जाऊ नका. सगळं पाळलं. आईनं तर त्या श्रावणात देवळात जायचंसुद्धा सोडलं, जी बाई चाळीस वर्षं सोमवार चुकवत नव्हती. एक गोष्ट मात्र त्या कार्डावर नव्हती आणि ती नाही हे कळायला आम्हाला काही मार्ग पण नव्हता, कारण जे लिहिलेलंच नाही ते घरच्यांना दिसणार कसं.

सातव्या आठवड्यात, घटस्थापनेच्या आसपास, आईला कोरडा खोकला सुरू झाला. बारीक ताप, संध्याकाळी ९९, १००, जास्त नाही. आमच्या गच्चीला चौदा पायऱ्या आहेत, वाळवण काढायला गेली आणि वरनं मला हाक मारून म्हणाली, पायऱ्या वाढल्यात का गं? मला तेव्हा वाटलं महिनाभर अंथरुणात होती, अशक्तपणा असणार. गल्लीतल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, छाती साफ. एक्सरे काढला, तो पण साफ. पाच दिवस अँटिबायोटिक. मग टीबीची शंका आली, जी आपल्याकडं पहिली येणारच, आणि येऊ पण दे, म्हणून बेडक्याची डबी दिली, पण कोरडा खोकला, बेडका पडतच नाही तर डबीत काय देणार? दोन सकाळी ती बिचारी मोरीत उभी राहून खोकत होती आणि डबीत नुसती थुंकी. रिपोर्ट निगेटिव्ह.

आमच्या फडताळात कोविडातला ऑक्सिमीटर पडून होता, आई त्याला चिमटा म्हणते. टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून त्यात घातले आणि लावला. बसून ९६. हुश्श वाटलं. मग आठवलं की कोविडात आरोग्य खात्यानंच सांगितलं होतं सहा मिनिटं चालून बघा, म्हणून तिला ओटीपासून परसदारापर्यंत चालवलं. तिसऱ्या फेरीला ९१. पाचव्या फेरीला ८४. आई भिंतीला टेकून उभी, बोटाला चिमटा तसाच, पदरानं कपाळ पुसत मला विचारते, किती आला गं आकडा? मी म्हटलं ९०. आयुष्यात आकड्यांच्या बाबतीत तिच्याशी खोटं बोलायची ती पहिली वेळ.

रात्रीतच पुण्याला नेलं. सीटी काढला तर दोन्ही फुफ्फुसांत सगळीकडं धुरकट, थंडीत काचेवर वाफ धरावी तसं दिसत होतं, ज्या फुफ्फुसांचा साधा एक्सरे आठवड्यापूर्वी साफ होता. आणि तिथं कॅज्युअल्टीत एक रेसिडेंट मुलगी होती, पंचवीस सव्वीसची असेल, डोळे झोपेनं लाल झालेले, तिनं फाइल उलटीपालटी केली आणि पहिला प्रश्न विचारला, यांना सेप्ट्रान चालू होती का? मी म्हटलं सेप्ट्रान म्हणजे ती जुलाब लागल्यावर घ्यायची गोळी ना? ती गप्प झाली. ती गप्प का झाली ते मला नंतर कळलं.

डॉक्टर, तुम्हाला हे सगळं पाठ आहे, पण हे पत्र इतर पेशंटचे घरचे पण वाचतील म्हणून त्यांच्यासाठी सांगते. न्यूमोसिस्टिस जिरोवेसी नावाची एक बुरशी आहे, तिच्यामुळं होणाऱ्या न्यूमोनियाला पीसीपी म्हणतात. ही बुरशी भिंतीवर, भाकरीवर वाढत नाही, कुठं मातीत सापडत नाही, माणसाच्या फुफ्फुसातच राहते आणि माणसाकडून माणसाकडं हवेतून जाते. दोन-चार वर्षांच्या पोरापर्यंत बहुतेकांच्या रक्तात तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी तयार झालेल्या असतात, म्हणजे आपली सगळ्यांची तिच्याशी लहानपणीच गाठ पडलेली असते, सर्दीखोकल्यासारखं काहीतरी होऊन जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही. धडधाकट माणसाला ती काही करत नाही. काही जणांच्या फुफ्फुसात ती गुपचूप बिऱ्हाड करून राहते, विशेषतः जुनाट दम्यावाले, सीओपीडीवाले, सिगारेट ओढणारे, तान्ही बाळं, एचआयव्हीवाले आणि आमच्या आईसारखे स्टेरॉइडवाले. खोकला नाही, ताप नाही, एक्सरे चांगला. डॉक्टर लोक याला कोलोनायझेशन म्हणतात, मी बिऱ्हाड म्हणते. आणि प्रतिकारशक्ती औषधांनी खाली गेली की तेच बिऱ्हाड घरावर ताबा मारतं, किंवा नव्यानं शेजारच्याकडून येऊन बसतं, दोन्ही होतं.

हा काही परवा सापडलेला जंतू नाही. १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये चागास यांना तो गिनीपिगच्या फुफ्फुसात दिसला आणि त्यांना तो दुसऱ्याच जंतूचा भाग वाटला. १९१२ मध्ये पॅरिसला तो वेगळा आहे हे ठरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अनाथालयांत कुपोषित बाळं याच न्यूमोनियानं जायची, तिथं चेक शास्त्रज्ञ जिरोवेक यांनी तो ओळखला, म्हणून नावात जिरोवेसी. १९८८ पर्यंत तर याला बुरशी नाही, प्रोटोझोआ म्हणजे मलेरियाच्या जंतूच्या जातकुळीतला समजत होते. आणि १९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाल्याची नोंद छापून आली तिथून जगाला एड्स कळला. म्हणजे ज्या बुरशीमुळं एड्स ओळखला गेला ती हीच.

बुरशी म्हटल्यावर आमच्याकडं काय झालं ते पण सांगते. आमचे भावोजी औषध कंपनीत एमआर आहेत, त्यांना फोन केला तर ते म्हणाले बुरशी आहे ना, मग ॲम्फोटेरिसिन लागणार, मी सोय बघतो. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीच्या वेळी त्यांनी त्या इंजेक्शनसाठी सांगली कोल्हापूर पुणे पालथं घातलेलं, आपल्या राज्यात ते इंजेक्शन मिळवायला लोकांनी दागिने मोडलेले आहेत, त्यामुळं त्यांच्या डोक्यात तेच बसलेलं. पण ही बुरशी तसली नाही. बाकीच्या बुरशींच्या पेशीच्या आवरणात जो एर्गोस्टेरॉल असतो, ज्याच्यावर ॲम्फोटेरिसिन आणि फ्लुकोनाझोल काम करतात, तो हिच्यात नसतोच, त्यामुळं ती औषधं हिला लागू पडत नाहीत. हिला लागतं ते आपलं साधं को-ट्रायमॉक्साझोल, सेप्ट्रान, बॅक्ट्रिम, तीच जुलाबाची गोळी, कुठल्याही खेड्यातल्या मेडिकलमध्ये मिळणारी, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असलेली. आजार झाल्यावर ती मोठ्या डोसनं २१ दिवस द्यावी लागते, बहुतेक वेळा शिरेतून. आणि आजार होऊ नये म्हणून? रोज एक, किंवा आठवड्यातून तीन दिवस एक. बस.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत डॉक्टर ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्यतः ल्युकेमियाच्या मुलांवर केलेला अभ्यास छापून आलाय. ८० मुलांना खोटी गोळी, ८० मुलांना को-ट्रायमॉक्साझोल. खोट्या गोळीच्या गटात १७ मुलांना हा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या गटात एकालाही नाही. मी गणिताची बाई आहे, ८० पैकी १७ आणि ८० पैकी शून्य यात मला काही समजावून सांगावं लागत नाही. २०१८ मध्ये कोरियातल्या सोलच्या डॉक्टरांनी संधिवाताच्या गटातले पेशंट बघितले, महिनाभर रोज ३० मिलिग्रॅम किंवा जास्त स्टेरॉइड घेणारे, तिथं पण गोळी घेणाऱ्यांत हा आजार खूपच कमी. किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांसाठी तर २००९ पासून आंतरराष्ट्रीय गाइडलाइनच आहे की ऑपरेशननंतर तीन ते सहा महिने ही गोळी द्या. युरोपातल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेनं पण २०२२ मध्ये सांगितलंय की जास्त डोसच्या स्टेरॉइडवर असलेल्यांना, त्यातही सोबत दुसरं इम्युनिटी दाबणारं औषध असेल तर, या गोळीचा विचार करा. आई रोज ६० मिलिग्रॅमवर होती, सोबत सायक्लोफॉस्फामाइड. अजून काय पाहिजे होतं?

आता मला सगळ्यात जास्त जी गोष्ट लागली ती. माझी एक मैत्रीण एका सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथं, समुपदेशक आहे. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, अगं पण आमच्याकडं तर हे कुणी विसरूच शकत नाही, सीडी-४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा ३५० च्या खाली आला की कोट्रिम म्हणजे हीच गोळी सुरू, फुकट, पेशंटच्या कार्डावर त्याचा रकानाच आहे, डॉक्टर बदलला, नवीन आला, रकाना रिकामा दिसला की नर्ससुद्धा विचारते. म्हणजे बघा, एकाच हॉस्पिटलात, एकाच आवारात, एका खोलीत एचआयव्हीचा पेशंट या बुरशीपासून सुरक्षित, कारण त्याच्या कार्डावर रकाना आहे. आणि चार खोल्या सोडून पलीकडं स्किनच्या नाहीतर किडनीच्या ओपीडीत तेवढीच, कधी कधी त्याहून जास्त प्रतिकारशक्ती खाली गेलेला पेशंट बाहेर पडतो तो डॉक्टरच्या आठवणीच्या भरवशावर. आठवण झाली तर वाचला. तुमच्या एका ओपीडीत एका सकाळी किती पेशंट असतात ते मी बाहेरच्या बाकड्यावर बसून मोजलेलं आहे, तेवढ्या गर्दीत कुणाच्याही आठवणीवर हे सोडणं हा त्या डॉक्टरवर पण अन्याय आहे, त्यामुळं आईच्या पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. होता, आता नाही.

आणि यात अजून एक वाईट गोष्ट अशी की एचआयव्ही नसलेल्या पेशंटमध्ये हा आजार जास्त भयंकर वागतो. एचआयव्हीत तो आठवड्या आठवड्यानं हळूहळू चढतो, बुरशी भरपूर असते, तपासणीत पटकन दिसते. आमच्यासारख्यांत बुरशी थोडी पण सूज प्रचंड, चार-पाच दिवसांत पेशंट व्हेंटिलेटरपर्यंत जातो, आणि बुरशी थोडी म्हणून तपासणीत सापडायला अवघड. एचआयव्हीवाल्यांत मृत्यूचं प्रमाण साधारण १० ते २० टक्के सांगतात, बाकीच्यांत ३० ते ६० टक्के. ज्यांना जास्त धोका त्यांच्याच कार्डावर रकाना नाही.

आईच्या शेजारच्या बेडवर कोरेगाव तालुक्यातला एक पोरगा होता. लघवीतून प्रोटीन जायचा किडनीचा आजार, तीन महिने स्टेरॉइड, तोच न्यूमोनिया. त्याची आई मला वॉर्डबाहेर विचारायची, उसाचा फड पेटवलेला तेव्हा हा रानात गेलता, त्या धुरानं झालं असंल का? मी म्हणायचे नाही हो मावशी, तुमचं काही चुकलं नाही. नवव्या दिवशी तो गेला. ती माउली अजूनही धुरालाच दोष देत असेल, नाहीतर स्वतःला.

आई वाचली. अकरा दिवस आयसीयू, त्यातले सहा दिवस नाकात तो मोठ्या दाबाचा ऑक्सिजन, नळी घालायची वेळ थोडक्यात टळली. पण तिथं पहिल्या दोन दिवसांत काय घोळ होता तो तुम्हाला माहितीच असेल. सीटीतला तो धूर म्हणजे मूळ आजारच उसळून फुफ्फुसात रक्तस्राव झाला की इन्फेक्शन? पहिलं असेल तर स्टेरॉइड वाढवा, सायक्लो पुढं चालवा. दुसरं असेल तर सायक्लो थांबवा. एकमेकांच्या उलट दिशा. ही बुरशी लॅबमध्ये नेहमीसारखी कल्चर करून वाढवता येत नाही, म्हणून दुर्बीण घालून फुफ्फुस सलाइननं धुऊन ते पाणी तपासायला द्यावं लागलं, आणि ८४ ऑक्सिजनवाल्या बाईला दुर्बीण घालणं म्हणजे काय ते दाराबाहेर उभं राहून मी बघितलंय. पाण्यात पीसीआर पॉझिटिव्ह, चांदीच्या स्टेनखाली, म्हणजे चांदीचा रंग देऊन सूक्ष्मदर्शकातून बघितल्यावर, बुरशीचे कोष पण दिसले, रक्तातलं बीटा-डी-ग्लुकन, म्हणजे बुरशीच्या आवरणातला एक घटक, खूप वाढलेलं. सगळे पुरावे एका दिशेला होते म्हणून निर्णय झाला. नेहमी असं होत नाही, हे मला नंतर कळलं, आणि त्यासाठीच बिऱ्हाडाची गोष्ट पुढं सांगते.

वर्ष दीड वर्षानं आईचं स्टेरॉइड ५ मिलिग्रॅमवर आलं होतं, सेप्ट्रान बंद केलेली, बाई एकदम ठणठणीत, गच्चीवर पापड घालत होती. मग पुन्हा नाकातून रक्त, आजारानं परत डोकं वर काढलं, रिटक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध सुरू करायचं ठरलं, आणि त्याआधी थुंकीत रक्ताची रेघ दिसली म्हणून परत एकदा दुर्बीण केली. पीसीआर पुन्हा पॉझिटिव्ह. मी रिपोर्ट वाचला आणि जिन्यातच बसले. पण यावेळी ताप नाही, दम नाही, चालून ऑक्सिजन ९७, सीटी साफ, बीटा-डी-ग्लुकन नॉर्मल, पीसीआर पण अगदी कमी प्रमाणात. दोन डॉक्टरांत चर्चा झाली, एकांचं म्हणणं २१ दिवसांचा पूर्ण कोर्स द्या, दुसऱ्यांचं म्हणणं हा आजार नाही, नुसतं कोलोनायझेशन आहे, मोठ्या डोसनं तिच्या अर्ध्या किडनीची वाट लागेल. शेवटी कोर्स दिला नाही, पण रिटक्सिमॅबच्या आधी प्रतिबंधाची गोळी सुरू केली. मला तो निर्णय पटला आणि आजपर्यंत बरोबर ठरलाय. रिपोर्टावरचं पॉझिटिव्ह हे एकटं काहीच सांगत नाही, माणूस कसा आहे, चालताना कसा आहे, सीटी कसा आहे, आकडा किती मोठा आहे हे सगळं मिळून बघावं लागतं. लॅबवाल्यांना पण माझी हात जोडून विनंती आहे की नुसतं डिटेक्टेड लिहून कागद हातात देऊ नका, प्रमाण किती ते पण लिहा, पेशंटचे घरचे आधी तुमचा कागद वाचतात आणि मग डॉक्टरकडं पोचतात, मधल्या वेळात आमच्या पायाखालची जमीन जाते.

या बिऱ्हाडावरून मला सगळ्यात काळजी वाटते ती तुमच्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यांची. ट्रान्सप्लांटवाले, स्टेरॉइडवाले, केमोवाले, सगळे मांडीला मांडी लावून तीन-तीन तास. जपानमध्ये, युरोपात किडनी ट्रान्सप्लांट युनिटांत एकापाठोपाठ एक पेशंटना हा न्यूमोनिया झाल्याचे प्रकार नोंदलेले आहेत, आणि बुरशीचे जीन तपासले तर एकाच जातीची निघाली, म्हणजे बाकड्यावरून बाकड्यावर गेली. खोकणाऱ्याला मास्क द्या, वेगळं बसवा, एवढं तरी. हे जमायला बजेट लागत नाही.

आता तुमची बाजू. ही गोळी सरसकट सगळ्यांना द्या असं मी म्हणत नाहीये, आणि कुणी घरच्यानं हे वाचून मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका, प्लीज. ज्याला सल्फाची ॲलर्जी आहे त्याला ती चालत नाही, ल्युपसवाल्यांना, म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्यातल्या एका आजाराच्या पेशंटना, तिची रिॲक्शन जास्त येते, पोटॅशियम वाढतं, विशेषतः किडनी कमी चालणाऱ्यांचं, रक्तातलं जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असेल तर तांबड्या पेशी फुटू शकतात. आणि जे मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधावर आहेत त्यांनी तर अजिबात स्वतःच्या मनानं घ्यायची नाही, दोन्ही मिळून रक्तातल्या पेशी धोकादायक खाली जातात, जीव जाऊ शकतो. आईला पण गोळी देताना किडनीप्रमाणे डोस कमी केला, दर पंधरवड्याला पोटॅशियम तपासलं. ज्यांना ही चालत नाही त्यांच्यासाठी डॅप्सोन, ॲटोव्हाकोन, पेंटामिडिन हे दुसरे रस्ते आहेत, त्यांच्या पण अडचणी आहेत. म्हणजे हा निर्णय तुमचाच आहे, कुणाला द्यायची, कुणाला नाही, कधी बंद करायची. आईच्या वेळी तुम्ही विचार करून नको म्हणाला असता तरी मी हे पत्र लिहिलं नसतं. पण नको असं ठरवलं होतं की विषयच निघाला नव्हता, हे आमच्या फायलीतून आजही कळत नाही. दोन्ही सारखंच दिसतं, कोरी जागा.

म्हणून माझी मागणी अशी आहे. महिनाभर किंवा जास्त रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन ज्या कागदावर लिहाल, किंवा रिटक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, ट्रान्सप्लांटची औषधं लिहाल, त्याच कागदावर एक ओळ. पीसीपीची गोळी हो की नाही, नसेल तर का, असेल तर कधीपर्यंत. मेडिकल कॉलेजच्या विभागप्रमुखांनी ठरवलं तर केसपेपरवर हा रकाना छापायला किती वेळ लागतो? एआरटी सेंटरचं कार्ड त्याच आवारात आहे, नमुना म्हणून एक मागवून घ्या. आणि आरोग्य खात्यानं मनात आणलं तर सगळ्या सरकारी हॉस्पिटलांना एक परिपत्रक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये जगातल्या १९ बुरशींची जी प्राधान्य यादी काढली त्यात ही न्यूमोसिस्टिस आहे, त्यामुळं परिपत्रकाला आधार काय हा प्रश्न येणार नाही.

गावाकडच्या फॅमिली डॉक्टरांना पण एक सांगणं आहे, कारण आमच्यासारखे आधी तुमच्याकडंच येतात. स्टेरॉइडवरचा पेशंट कोरडा खोकला आणि दम घेऊन आला, छाती साफ, एक्सरे साफ, तर त्याला तुमच्या दवाखान्याच्या बोळातून जरा चालवा आणि मग चिमटा लावा. बसून ९६ दिसलं म्हणून परत पाठवू नका. टीबी पण असेल, टीबी जरूर तपासा, पण बेडका निगेटिव्ह आला म्हणून तिथं थांबू नका आणि अंदाजानं टीबीच्या गोळ्या सुरू करून पंधरा दिवस घालवू नका, या आजाराकडं पंधरा दिवस नसतात.

आई सध्या बरी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार गोळी, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती स्वतः पेन्सिलनं बरोबरची खूण करते. घरात वहिनीला बाळ झालंय, आता तीन महिन्यांचं आहे. तान्ह्या बाळांत ही बुरशी फार सापडते, चिलीतल्या डॉक्टरांनी इतर कारणांनी दगावलेल्या बाळांची फुफ्फुसं तपासली तर बहुतेकांत निघाली, त्यामुळं नातवाकडून आजीकडं की आजीकडून नातवाकडं हे कुणी सांगू शकत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, घेऊ दे का तिला बाळ? ते म्हणाले गोळी चालू आहे ना, घेऊ दे. गोळी चालू आहे म्हणून ती नातवाला मांडीवर घेऊन बसते.

मागच्या आठवड्यात मी मंडईजवळच्या शिक्केवाल्याकडून एक रबरी शिक्का करून घेतला. दोनदा बदलून घ्यावा लागला, पहिल्यांदा त्यानं पीसीपीचं पीसीसी केलेलं. शिक्क्यावर असं आहे:

पीसीपीची गोळी: हो / नाही. कारण ______. कधीपर्यंत ______.
कोरडा खोकला, ताप, चालताना दम: ऑक्सिजन चालून बघा, लगेच फोन करा ______.

मागणी एका ओळीची होती, शिक्क्यात जागा उरली म्हणून खालची ओळ घातली. मंगळवारी आईची ओपीडी आहे. डॉक्टरांना विचारणार आहे, तुमच्या टेबलावर ठेवू का. हो म्हणाले तर तिथंच ठेवून येईन, शाईची पेटी पण सोबत घेतलीये. तुमच्यापैकी अजून कुणाला हवा असेल तर तोच मजकूर कुठल्याही शिक्केवाल्याकडं द्या, फक्त पीसीपी नीट वाचून घ्या.

आपली,
एका पेशंटची मुलगी
कराड